गच्चीवरचे मासे, गच्चीवरची भाजी : ॲक्वापोनिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ५०० लिटरची एक निळी टाकी आहे. तिच्यात मासे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर शेजारच्या दोन वाफ्यांत भाजी निघते. बघायला येणारे, फोन करणारे, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पिवळ्या पानांचे फोटो पाठवणारे, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून इथे एका जागी लिहून ठेवते आहे. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांचं पाणी झाडांना घालायचं, एवढंच ना?

एवढंच असतं तर काचेच्या टाकीतलं पाणी तुळशीला घालणारी प्रत्येक आजी ॲक्वापोनिक्स करते म्हणावं लागेल. इथे पाणी झाडांकडे जातं आणि परत येतं, फरक तेवढा आणि सगळा तोच.

मासे खाद्य खातात आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो साठला तर मासे मरतात. वाफ्यात मातीऐवजी भरलेल्या खड्यांवर, पाइपच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर धरतो, त्यात जिवाणू असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातकच, पण नायट्रेट त्यांना बरंच सोसतं आणि झाडांना तर तेच हवं असतं. मुळांनी ते उचललं की पाणी पुन्हा टाकीत. म्हणजे खरं खत तुम्ही माशांना घालता त्या खाद्यातून येतं. ३२ टक्के प्रथिनांच्या १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ५ ग्रॅम नत्र असतं आणि त्यातलं जास्तीत जास्त पाण्यात उतरतं, माशाच्या अंगी कमी लागतं.

२. हायड्रोपोनिक्स, बायोफ्लॉक आणि हे, यांत फरक काय?

हायड्रोपोनिक्समध्ये मासे नसतात, बाटलीतली रासायनिक अन्नद्रव्यं मोजून घालतात. बायोफ्लॉकमध्ये झाडं नसतात, मासे दाटीने ठेवून पाण्यातच जिवाणूंचे पुंजके वाढवतात, त्यामुळे पाणी कायम गढूळ आणि हवेचा पंप एक तासही बंद ठेवता येत नाही. घरच्या हौसेला बायोफ्लॉक नको असं माझं स्पष्ट मत आहे.

३. ही परदेशातून आलेली टूम आहे का? आपल्याकडे असं काही होतं का?

आजचा पंप-पाइपवाला साचा अमेरिकेतल्या संशोधनातून आला. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातलं जेम्स रॅकोसी यांचं काम त्यात पायाभूत मानतात. पण शहर, मासे आणि भाजी यांची सांगड बघायची तर कोलकात्याला जा. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ आहे. कोलकात्याचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे ‘भेरीं’त, सोडतात. ऊन आणि शेवाळ ते पाणी शुद्ध करतात, त्यावर मासे वाढतात, आणि जवळच धापा भागात शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाजी होते. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने या व्यवस्थेचं महत्त्व जगापुढे मांडलं आणि २००२ साली तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. गोव्यातल्या खाजन जमिनीही याच कुळातल्या: बांध, मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायचं) दार, पावसाळ्यात भात आणि त्याच पाण्यात मासे-सुंगटं (कोळंबी). तिथे पाणी खेळवतात ती भरती-ओहोटी, वीज लागत नाही.

४. गच्चीला वजन पेलेल का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणून मी तो वर घेतला आहे.

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि टाकीचं व माशांचं वजन वेगळं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणजे सगळ्या गच्चीवर १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की ती मर्यादा संपली. माझी ५०० लिटरची टाकी जेमतेम मीटरभर व्यासाची आहे, तिच्याखाली दर चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर भार येतो. म्हणून ती स्लॅबच्या मध्यावर नाही, तर खालून खांब येतो आणि दोन तुळया मिळतात तिथे आहे.

खडी तर पाण्याहून जड. एक फूट खोल वाफ्यात खडी भरली तर दर चौरस मीटरला ४५०-५०० किलो नुसती खडीच होते. हे मला आधी कळलं नाही. हौसेने काळी खडी वर चढवली, पाणी सोडलं, आणि आठवड्याने ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर चहाला आले. त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे आज उतरवा.” चार मजले, घमेल्याने, मी आणि भाचा. त्यानंतर भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या भरल्या. त्या खडीच्या साधारण पाव वजनाच्या असतात. तरी पाणी भरल्यावर वाफा दर चौरस मीटरला २०० किलोंच्या पुढे जातोच, म्हणून तोही तुळईवरच, कठड्याला लागून.

जुनी इमारत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीही चढवू नका. तळमजल्यावर अंगण किंवा पार्किंगचा कोपरा मिळत असेल तर गच्चीचा हट्ट सोडा.

५. सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?

गच्ची सामाईक असते, तेव्हा लेखी परवानगी घ्यावीच लागते. आक्षेप नेहमीचे तीन: वजन (प्रश्न ४), डास (प्रश्न १७) आणि गळती. गळतीची भीती रास्त आहे. टाकी व वाफे विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, खाली केर आणि पाणी साठू देऊ नका, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पहिली पालकाची जुडी नेऊन द्या. अर्जापेक्षा जुडीचा उपयोग जास्त होतो.

६. किती जागेत किती मासे आणि किती भाजी?

माशांची संख्या मोजू नका, रोजचं खाद्य मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची छोट्या संचांसाठीची शिफारस अशी की पालेभाजीच्या दर चौरस मीटरला रोज ४०-५० ग्रॅम खाद्य आणि फळभाजीला ५०-८० ग्रॅम. माझे वाफे दोन चौरस मीटर, म्हणजे रोज ८०-१०० ग्रॅम. मोठा मासा दिवसाला आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातो. म्हणजे टाकीत पाच-सहा किलो मासे हवेत, पाव ते अर्ध्या किलोचे चौदा-पंधरा.

त्याच संघटनेच्या मते छोट्या संचात १००० लिटरला २० किलो मासे ही वरची मर्यादा. नवख्याने तिच्या निम्म्यावर थांबावं. दाटी केली की चुकीला जागा उरत नाही, आणि पहिल्या वर्षी चुका होणारच.

७. कोणते मासे घ्यायचे?

*चिलापी*, म्हणजे तिलापिया, सगळ्यात चिवट. कमी प्राणवायू, गढूळ पाणी, उन्हाळा, सगळं सोसते, पाला खाते, लवकर वाढते. उजनीच्या पाण्यातली चिलापी पुणेकरांच्या ओळखीची आहेच. पण हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ मध्ये तो भारतात आला आणि जिथे सुटला तिथे त्याने स्थानिक माशांची जागा बळकावली. व्यावसायिक पालनासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी लागते, तेव्हा बीज नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या. आणि कंटाळा आला म्हणून मुठेत किंवा पाषाण तलावात सोडून येऊ नका. हे ‘जीवदान’ दुसऱ्या शंभर माशांच्या जिवावर उठतं.

*रोहू, कटला, मृगळ* चवीला उत्तम, पण त्यांना खोल आणि ऐसपैस पाणी लागतं. ५०० लिटरमध्ये ते खुरटतात. *पंगस* वरती येऊन हवा घेतो म्हणून तगतो, पण थंडीत खाणं सोडतो आणि दचकला की टाकीच्या भिंतीवर नाक आपटून घेतो. *मरळ* महाग विकली जाते म्हणून लोकांचा तिच्यावर डोळा असतो. ती झाकणाच्या फटीतून उडी मारते आणि भावंडांना खाते. नवख्यांनी वाटेला जाऊ नये.

आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात ‘थाई मागूर’ म्हणतात, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. कुणी ‘चिवट आहे, मरत नाही’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

बीज घेताना शब्द माहीत हवेत: अगदी बारीक ते जिरे, बोटाएवढं झालं की बोटुकली. गच्चीसाठी बोटुकलीच घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर ती सहज मिळते.

८. आम्ही शाकाहारी आहोत. माशांचं काय करणार?

काहीच करू नका, पाळा. कोई किंवा गोल्डफिशवरही वाफा तितकाच हिरवा होतो, झाडाला मासा खाण्याचा की शोभेचा यात रस नसतो. शिवाय कोई थंडीतही टिकते. ती वाढून हातभर होते हे मात्र लक्षात ठेवून सुरुवातीलाच कमी आणा. मला विचाराल तर पहिलं वर्ष मांसाहारी घरांनीही शोभेच्या माशांवरच काढावं. काही बिनसलं तर निदान जेवणाचा बेत तरी फसत नाही.

९. टाकी भरली, झाडं लावली. मासे आजच सोडू का?

नाही. लोक इथेच सगळ्यात जास्त मासे मारतात. टाकी नवी असते तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात जिवाणूंचा पत्ता नसतो. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो आणि मासे एकेक करून उलटे होतात.

आधी माशांविना संच चालवा. पंप चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्या. कुणाचा चालू संच असेल तर तिथले मूठभर खडे एका फडक्यात बांधून आणा आणि वाफ्यात ठेवा. विरजण लावण्यासारखंच आहे हे. दर दोन-तीन दिवसांनी चाचणी-संचाच्या थेंबांनी पाणी तपासा. प्रथम अमोनिया वाढेल, मग तो उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागेल. याला चार ते सहा आठवडे लागतात, डिसेंबर-जानेवारीत जास्त. त्या दरम्यान अमोनियाच्या परीक्षानळीतला रंग पिवळ्याचा हिरवा होतो आणि परत पिवळ्यावर येतो. तो परतीचा पिवळा दिसला आणि नायट्राइटही शून्याजवळ आलं की निम्मे मासे आणा. सगळे नव्हे, निम्मे.

१०. नळाचं पाणी चालेल? बोअरचं? टँकरचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. पसरट टबात एक दिवस उघडं ठेवलं की बहुतेक उडून जातं. टँकरच्या पाण्यात कधी कधी ब्लीचिंग पावडर हात सैल सोडून टाकलेली असते, ते दोन दिवस ठेवा आणि वास घेऊन बघा.

बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त असलं तरी आपल्याकडे बरेचदा जड असतं आणि सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास. त्याने दोन गोष्टी होतात. झाडांना लोह मिळत नाही (प्रश्न १३), आणि अमोनिया जास्त विषारी होतो. २८ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, सामू ८ झाला की सहा-साडेसहा टक्के असतो. तोच आकडा, दहापट विष. पावसाचं पाणी साठवून मिसळता आलं तर उत्तम. पहिल्या दोन सरींचं मात्र घेऊ नका, गच्चीवरची सगळी धूळ आणि कबुतरांची घाण त्यात उतरते.

मासे, झाडं आणि जिवाणू तिघांनाही चालेल असा सामू ६.८ ते ७.२. आणखी एक: जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू खाली येत राहतो. सहाच्या खाली गेला तर ते संपावर जातात. मी खायच्या चुन्याची निवळी थोडी थोडी घालते, पुढच्या खेपेला चुन्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट. झाडांना चुन्यातलं कॅल्शियम आणि यातलं पोटॅशियम, म्हणजे पालाश, दोन्ही लागतात. एका दिवसात ०.२ पेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

११. माशांना शिळी पोळी, भात घातला तर?

घालू नका. तळाशी बसून कुजतो. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड तळ्यातल्या माशांना पूर्वापार घालतात, पण तळ्याचा चिखल जे पचवतो ते टाकीला पचत नाही. तरंगणारं गोळी-खाद्य घ्या, म्हणजे किती उरलं ते दिसतं. पाच-दहा मिनिटांत संपेल तेवढंच. वर अझोला किंवा पाण्यावरचं बारीक टिकलीसारखं हिरवं बदकवीड टबात वाढवून घातलं तर चिलापी तुटून पडते.

१२. कोणती भाजी येते?

पालेभाजी. पालक, माठ, चुका, चाकवत, सगळं येतं. अळू तर इतकं माजतं की पानं वडीला पुरून उरतात. पुदिना वेगळ्या टोपलीत लावा, नाहीतर त्याची मुळं पाइपात शिरतात. मी एकदा सायफनमधून, म्हणजे वाफ्यातलं पाणी परत टाकीत सोडणाऱ्या नळीतून, हातभर लांब पुदिन्याची वेणी ओढून काढली आहे. कोथिंबीर थंडीत छान, एप्रिलपासून लगेच फुलावर जाते. मिरची, वांगी, टोमॅटो संच जुना झाल्यावर, सहा महिन्यांनी. मुळा, गाजर, रताळं यांच्या वाट्याला जाऊ नका. गोळ्यांत ती वेडीवाकडी होतात.

१३. पानं पिवळी पडत आहेत. फोटो पाठवते आहे.

फोटो पाठवण्याआधी बघा की कुठली पानं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. माशांच्या खाद्यात झाडाला पुरेल इतकं लोह नसतंच, त्यामुळे हे प्रत्येकाकडे होतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, त्यातलं ‘डीटीपीए’ लिहिलेलं घ्या. लिटरला २ मिलीग्रॅम लोह पुरतं, म्हणजे ५०० लिटरला ११ टक्क्यांच्या पुडीतले सुमारे ९ ग्रॅम, तीन-चार आठवड्यांतून एकदा. हिराकस टाकू नका, ते पाण्यात गंजासारखं खाली बसतं आणि झाडाला काही मिळत नाही.

जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश कमी, त्यावर उपाय प्रश्न १० मध्ये आलाच आहे. जुनी पानं सरसकट फिकी होत असतील तर नत्र कमी: मासे थोडे आहेत किंवा झाडं फार.

१४. मावा पडला आहे. कडुनिंबाचं तेल आणि साबण फवारू?

कुंडीतल्या झाडांना चालेल, इथे नको. साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, आणि कडुनिंबाचा अर्कही पाण्यात उतरला तर निरुपद्रवी नाही. नळीने पानांच्या खालून जोराने पाणी मारा, पिवळे चिकट सापळे लावा, फार झालं तर ते झाड उपटून टाका. अळीसाठी बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध, चालतं. मोरचूद आणि पायरेथ्रॉइड औषधं गच्चीवर आणूच नका. तांबं माशांना फार थोडंही बाधतं, म्हणून पाइप-जोड तांब्या-पितळेचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नसावेत.

महापालिकेची धुराची फवारणी होते तेव्हा टाकीवर प्लॅस्टिक ओढा आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा. तो बाहेरची हवा पाण्यात ढकलतो. धूर विरला की लगेच दोन्ही पूर्ववत करा.

१५. वीज गेली तर?

आमच्याकडे एका मे महिन्यात रात्री अकराला ट्रान्सफॉर्मर उडाला. आम्ही खिडक्या उघडून झोपलो. सहाला वर गेले तर पाण्यावर तोंडं उघडी टाकून मासे गिळंकृत केल्यासारखी हवा घेत होते आणि पाच आडवे झाले होते. गेलेले पाचही सगळ्यात मोठे. प्राणवायू संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात. उरलेल्यांना अर्धा तास तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसले, तोवर वीज आली.

बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मासळी पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतो. तो आधी घ्या, टाकी नंतर. घरात इन्व्हर्टर असेल तर एक वायर वर न्या. पाण्याचा पंप टाकीच्या अगदी तळाशी ठेवू नका, चार बोटं वर विटेवर ठेवा. पाइप निसटला तर निदान तेवढं पाणी माशांना उरतं.

१६. उन्हाळ्यात पाणी तापतं. काय करावं?

२० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे मात्र तापल्यावर जास्त श्वास घेतात. ५० टक्क्यांचं शेडनेट, टाकीभोवती ओलं गोणपाट, खाद्य निम्मं आणि तेही सकाळी लवकर. प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो, तेव्हा रात्रीचा हवेचा पंप चुकवू नका. बर्फ ओतू नका, अचानक गारठा माशांना मानवत नाही.

१७. डास होतील का? डेंग्यूवाले येऊन दंड करतील का?

माशांच्या वाहत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत. अळ्या सापडतात त्या बाजूला ठेवलेल्या बादलीत, क्लोरीन उडवायला ठेवलेल्या टबात, पाणी साठवायच्या उघड्या सम्पमध्ये. तिथे गप्पी सोडा, महापालिकेच्या हिवताप विभागाकडे विचारा, बरेचदा फुकट मिळतात. टबावर फडकं बांधा.

१८. कबुतरं, मांजर, खंड्या?

तिन्ही येतात. आमच्या गच्चीवर खंड्या यायला तीन आठवडे लागले, वंचक बगळा पाचव्या दिवशी हजर. जाळी ताणून बांधा, सैल जाळीवर वंचक बसून चोच खाली घालतो. कबुतरांचा प्रश्न चोरीचा नाही, घाणीचा आहे. त्याबद्दल पुढे.

१९. माशांच्या विष्ठेवर वाढलेली भाजी खाणं सुरक्षित आहे का?

आपल्याला आजारी पाडणारे आतड्यांतले बरेच जंतू उष्ण रक्ताच्या प्राण्यांकडून येतात. मासा थंड रक्ताचा. त्यामुळे धोका माशांपेक्षा कबुतरं, उंदीर आणि आपल्याच न धुतलेल्या हातांचा जास्त. वाफ्यातलं पाणी गोळ्यांच्या पृष्ठभागाच्या दोन बोटं खालीच राहील असं बघा, म्हणजे पानांना लागत नाही. वरून जाळी, भाजी स्वच्छ धुऊन. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, उंदरांचा वावर असेल तिथे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. आणि जुना निळा ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. उत्तर ‘केमिकल’ असेल तर कितीही स्वस्त असो, नको.

२०. मासे कधी काढायचे? चिखलाचा वास येतो का?

येऊ शकतो. पाण्यातल्या काही सूक्ष्मजीवांमुळे माशाला मातकट वास लागतो. काढण्याआधी चार-पाच दिवस वेगळ्या स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवले की जातो.

आमच्याकडे काढणी अर्थातच गटारीला. पहिल्या वर्षी उत्साहात सगळेच काढले. श्रावणात घरात मासे नव्हते तसे टाकीतही नव्हते, आणि ऐन पावसात पालक पिवळा पडला, कारण खत देणारंच कुणी उरलं नव्हतं. आता एका वेळी तिसरा हिस्सा काढते आणि तेवढी बोटुकली आधीच दुसऱ्या टबात वाढवून तयार ठेवते.

२१. मासा आजारी आहे. औषध टाकू का?

टाकीत नाही. प्रतिजैविकं संचातले जिवाणूच मारतात, आणि जाड मीठ जास्त झालं तर झाडं माना टाकतात. आजारी मासा वेगळ्या टबात घ्या आणि तिथे मिठाच्या पाण्याचा उपाय करा. एक अपवाद आहे. नायट्राइट चढलं असेल आणि मासे धापा टाकत असतील तर लिटरला १ ग्रॅमपर्यंत साधं मीठ संचात चालतं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तेवढं बहुतेक झाडं सोसतात.

२२. हे खरंच पर्यावरणपूरक आहे का? आणि पैसे सुटतात का?

पाण्याच्या बाबतीत, हो. संचातून रोज एक ते तीन टक्के पाणी उडतं. मे महिन्यात मी दिवसाला एक बादली घालते आणि त्यावर दोन वाफे व पंधरा मासे जगतात. विजेच्या बाबतीत, मध्यम: ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट. खाद्याच्या बाबतीत मला कमीपणा वाटतो. बऱ्याच गोळी-खाद्यात समुद्रातल्या बारीक मासळीचं कूट असतं, म्हणजे गच्चीवरचा मासा वाढवायला कुठेतरी समुद्र उपसला जातो. म्हणून पाला खाणारे मासे आणि अझोला (प्रश्न ११).

पैशाचं विचाराल तर घरगुती संचातून सुटत नाहीत. वर्षाला पाच-सहा किलो मासे आणि आठवड्याला तीन-चार जुड्या, यात पंप, टाकी आणि तुमचा वेळ भरून निघत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ‘गच्चीतून महिना लाखाचं उत्पन्न’ दाखवणारे भेटतील, मीही अशाच एका कार्यशाळेची फी भरून आले आहे. त्यांचं उत्पन्न फीमधून होतं. व्यवसाय म्हणूनच करायचा असेल तर आधी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासारख्या छोट्या घटकांनाही जागा होती. सध्या काय चालू आहे ते तिथेच कळेल.

२३. मी ऑस्ट्रेलियात राहते. इथे चिलापी चालेल का?

नाही. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये तिलापिया घातक प्रजातीच्या यादीत आहे, ठेवणंही गुन्हा. तिथले लोक सिल्व्हर पर्च किंवा बारामुंडी ठेवतात. बारामुंडी म्हणजे आपला जिताडा, तेव्हा फार दुःख करू नका. इतर देशांत आणि अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, मासा आणण्याआधी स्थानिक विभागाला विचारा.

२४. गणपतीत दहा दिवस कोकणात जातो. मासे जगतील?

मोठे मासे आठवडाभर काही न खाता सहज राहतात. उपासाने नाही, पंप बंद पडल्याने मरतात. म्हणून शेजाऱ्यांना खाद्याची नाही, पंपाची जबाबदारी द्या: दिवसातून एकदा पाणी पडतंय का बघायचं, पातळी खुणेखाली गेली तर झाकून ठेवलेल्या टबातलं पाणी घालायचं, नळाचं नाही. खाद्य द्यायचंच असेल तर एक दिवसाआड एक अशा पाच पुड्या बांधून ठेवा आणि डबा कुलपात ठेवा. मी एकदा डबा बाहेर ठेवून गेले होते. खालच्या मजल्यावरच्या छोट्याला मासे तोंड उघडताना इतके आवडले की चतुर्थीच्या दिवशीच त्याने अर्धा किलो ओतलं. ऋषिपंचमीला फोन आला, “काकू, पाण्याला फेस आलाय.”